अण्णांच्या गिटारीचं साल

वराळे, १९ जानेवारी २०२५

दादा, जय भीम.

आई बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. तुझा फोन लागत नाही आणि मेसेजवर एकच खूण येते, म्हणून कागद घेतला. विशाखापट्टणमचा पत्ता तू आईला पाठवलेल्या औषधांच्या खोक्यावर होता. तो अजून तुझाच आहे असं धरून चालते.

एक विचारायचं आहे. अण्णांची गिटार तुला कितपत आठवते?

माझ्या कंपनीत, आंबीला, शेजारच्या टेबलावर सविता असते. दोघी गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, तपासतो. तिचे वडील रखमाजी आबा लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एका बंद बंगल्याची राखण करतात. बंगला मुंबईच्या शेठचा. आता तो पाडून हॉटेल होणार आहे. सामान काढताना एका खोलीत इलेक्ट्रिक गिटार निघाली. सविता म्हणाली, "पायल, तुझे वडील गायन पार्टीत वाजवायचे ना गं? बघ तुला हवी तर, नाहीतर भंगारात जाईल." चादरीत गुंडाळून तिने ती कंपनीच्या बसमधून आणली. बसमधले सगळे विचारत होते, बाळ कुणाचं.

अण्णा बाबासाहेबांच्या शंभराव्या जयंतीच्या वर्षी गिटार घेऊन कार्यक्रमाला गेले आणि आले नाहीत, तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला फक्त लाल रंग आठवतो, आणि तारांना हात लावला की बसणारी चापट. तू चौदाचा होतास. कार्यक्रमाहून आले की ती पुसून ठेवायचं काम तुझं होतं.

ही गिटार मधे लाल आणि कडेला काळी होत गेलेली आहे. नावाची पट्टी निघून गेली आहे, तिची दोन भोकं तेवढी राहिली आहेत. मागे जिथे दांडा बसतो तिथे लोखंडी पट्टी, चार स्क्रू, आणि पट्टीवर 'मेड इन जपान'. तुला यातलं काय आठवतं ते लिही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

उगाच उकरून काढते आहे असं समजू नकोस. सहा वर्षांपूर्वी तू म्हणालास, अण्णा गेले असं एकदा कागदावर करून घेऊ. आई म्हणाली, तूच जा. आणि तू गेलास. त्यानंतर या घरात हा विषय निघाला नव्हता. पण गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला गेलो, तिथल्या मुलाने तिला सहज विचारलं, "मावशी, मालक आहेत का?" आई माझ्याकडे बघत राहिली. परत येताना म्हणाली, "पोरी, मरायच्या आधी एकडाव कळू दे. मी कुंकवाची हाय का न्हाई, तेवढंच."

गिटार माझ्या पलंगाखाली आहे. आईला सांगितलेलं नाही.

पायल


वराळे, २ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागत असेल.

तळेगाव स्टेशनला सत्यम म्हणून एक जण गिटारचे क्लास घेतो, जुन्या गिटारी दुरुस्तही करतो. त्याच्याकडे घेऊन गेले. त्याने टेबलावर टॉवेल अंथरला, गिटार पालथी ठेवली आणि पहिलं वाक्य बोलला, "ताई, नावाची पट्टी नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. असती तरी उपयोग नव्हता." त्या काळात जपानमधला एकच कारखाना पंचवीस दुकानांसाठी गिटारी बनवायचा. ज्याचा माल त्याच्या नावाची पट्टी ठोकायची. म्हणून साल शोधायचं तर आत बघायचं.

अंग एका लाकडाचं नाही. झाकण काढलं की कड दिसते, तिथे पातळ थर एकावर एक चिकटवलेले आहेत, प्लायवूडसारखे. दांडा जाड, कारण त्यात दांड्याचा बाक काढायची, पुढे वापरात आलेली सळई नाही. सगळ्यात वर, जिथून तारा सुटतात तिथे एक जादा पट्टी आहे. शून्य नंबरची म्हणतात तिला. स्क्रू मात्र मीच ओळखले. फुलीच्या शेजारी बारीकसा ठिपका. आमच्या जपानी मशिनांना असेच असतात. साधा पेचकस लावला की फुली खराब होते, म्हणून कंपनीत त्याचा वेगळा पेचकस कुलपात ठेवतात. पट्टीचे चारही स्क्रू ठिपक्याचे. म्हणजे दांडा आणि अंग एकत्रच जन्मलेलं.

मग सत्यमने दांडा सोडवला. त्याच्या बुडावर जांभळ्या शाईचा शिक्का होता, चव्वेचाळीस आणि सात. मी म्हटलं, चव्वेचाळीस म्हणजे युद्धाच्या वेळची? तो हसला. जपानी लोक कधी कधी त्यांच्या राजाच्या गादीचं साल टाकतात. तो चव्वेचाळीस म्हणजे आपला एकोणसत्तर, महिना जुलै.

अण्णांनी गिटार घेतली ती मुंबई बंदरातल्या एका खलाशाकडून, आईशी लग्न ठरायच्या आधी. म्हणजे साल जुळतं. पण अशा हजारो निघाल्या असणार.

दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिली, तारा. लोणावळ्याच्या दमट हवेत लोखंडी तार एक पावसाळा काढत नाही. या तारा चकचकीत होत्या. मी त्या सगळ्या काढून ठेवल्या. का काढल्या ते विचारू नकोस, पलंगाखाली तारा लावलेली गिटार मला नको होती.

दुसरी गोष्ट आतली. मागच्या झाकणाखालच्या वायरी सुती दोऱ्याने बांधलेल्या आहेत. बोटभर अंतरावर एकेक गाठ, प्रत्येक गाठीला दोन वेढे आणि शेपूट परत आत खुपसलेलं. सत्यम म्हणाला, गिटारीत असं कोणी करत नाही. जळालेल्या मोटारीत नवी तार भरणारे करतात.

अण्णा मोटारीच भरायचे ना रे?

पायल


वराळे, १६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी एक ओळ, आणि तीही हुकूम दिल्यासारखी: "पिकअप थोडा तापव आणि वास घे." ना जय भीम, ना आई कशी आहे. तरी मी ते कार्ड चार वेळा वाचलं.

तापवला. तारांखालच्या, त्यांचा आवाज पकडणाऱ्या त्या चपट्या सोनेरी डबीजवळ सोल्डरिंग आयर्न नुसतं धरलं. आधी काही नाही. मग हळूहळू तो वास आला, मोटारी भरायच्या दुकानातून अण्णा घरी आले की त्यांच्या सदऱ्याला यायचा तो. मोटारीचं वार्निश. मला वाटायचं मी तो विसरले. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, कारण अण्णा आत येताना तिथेच चपला काढायचे.

सत्यमला फोन केला. तो म्हणाला, जुन्या पिकअपच्या आत गुंडाळलेली बारीक तार सैल असली की मोठ्या आवाजात शिट्टी मारते. लोक त्याला मेणात बुडवतात. मोटारवाला माणूस असेल तर वार्निशात बुडवणार. असं करणारा तुमच्या तालुक्यात दुसरा कोण असेल, ताई?

तर गिटार अण्णांचीच आहे.

आता पुढचं. इथे जरा थांबून वाच. रोज कंपनीत आम्ही पार्टवरचे आकडे वाचतो, पहिले दोन साल, पुढचे दोन आठवडा. अण्णा गेले एक्क्याण्णवला. गिटारीतल्या कंडेन्सरवर सत्त्याण्णवचा आकडा आहे. आवाज कमीजास्त करायचं बटण दोन हजार आठचं. केबल खुपसायचा जॅक बावीस सालचा, तो कारखाना तर मला माहीत आहे, आमच्याकडेही त्याचा माल येतो. आणि प्रत्येक नव्या वस्तूच्या वायरी त्याच गाठीने बांधलेल्या. दोन वेढे, शेपूट आत.

तू म्हणायचास, ते कुठेतरी सुखात असतील, आपणच मूर्ख. मी तुझ्याशी भांडायचे. वराळ्याहून लोणावळा, दादा. गाडीने तासही लागत नाही. मी सातवीत होते तेव्हा ते तिथे बसून कंडेन्सर बदलत होते. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची तेव्हा ते बटण बदलत होते.

आईला हे कसं सांगू? मेले म्हटलं तर ती रडेल आणि मोकळी होईल. जिवंत होते म्हटलं, तर इतकी वर्षं तिला टाकून तासाभरावर बसले होते असं सांगावं लागेल. कुंकू राहील, पण कशाला राहील?

सुट्टीच्या दिवशी मी बंगल्यावर जाते आहे. माणूस असेल तर मला त्याला बघायचं आहे.

पायल


वराळे, ९ मार्च २०२५

दादा,

जाऊन आले. जसं घडलं तसं लिहिते.

भुशीला या दिवसांत कोणी नसतं. कणसांच्या आणि भज्यांच्या टपऱ्यांवर निळे कागद बांधून ठेवलेले, धरणाच्या पायऱ्या कोरड्या. सविता बरोबर होती. बंगल्याचं पुढचं छप्पर काढून झालं होतं. रखमाजी आबा पायरीवर तंबाखू मळत बसले होते. सत्तरीचे आहेत, ताठ आहेत.

मी विचारलं, "आबा, इथं कोण राहायचं?"

"कोण न्हाई."

"मग गिटार कोण वाजवायचं?"

"ते म्हाईत न्हाई. वाजायची मातुर."

सविता वैतागली. "आबा, नीट सांगा की. ती लय लांबून आलीय."

"लांबून कुटं? वराळ्यासनं तर आलीय," आबा म्हणाले. मग तंबाखू तोंडात टाकली आणि सांगायला लागले. एक्क्याण्णवला शेठच्या मुलाच्या लग्नाची पार्टी झाली होती. वाजवणारे बोलावले होते. सकाळी सगळे गाडीत बसून गेले. "एक कमी व्हता का, ते मी मोजलं न्हाई. नाव म्हणशील, तर वाजवणाऱ्याचं नाव कोण इचारतंय, बाई?"

त्यानंतर शेठ फारसे आले नाहीत. बंगला बंद. पण मागच्या खोलीतून दुपारी, संध्याकाळी वाजायचं. आबांना वाटलं, शेठचा कोणी पाहुणा असेल. मग वाटायचं थांबलं. सवय झाली.

"एक्स्प्रेस वेचं काम निघालं ना, सुरुंग लावत व्हते, त्या टायमाला वाजायची बंद पडली. आठ-पंधरा दिस गेलं. माझी म्हस आटली. म्हणलं, हे काय बरं न्हाई. मग एका सकाळी बघतो तर ह्या पायरीवर ही एवढीशी चकती ठेवलेली. बाजारात रेडिओवाल्याला दावली. तो म्हणला, कंडेन्सर हाय. नवा आणून तितंच ठेवला. दोन-तीन दिसांत वाजाया लागली. तवापासनं तसंच. तार तुटली की तार ठेवलेली असायची. मी नवी आणून ठेवायचो."

"आणि तुम्ही कधी दार उघडून बघितलं नाही?"

"कशापायी? म्हसोबाला निवद ठेवतो, तर म्हसोबा खाताना बघत बसतो व्हय आमी?"

दादा, मला राग आला. आपण हे मानत नाही, लहानपणापासून विहारात बसून हेच शिकलो. मी मनात म्हटलं, हा म्हातारा एका जिवंत माणसाला लपवतो आहे, नाहीतर स्वतःच सगळं करतो आहे. पर्समधून दोरा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "आबा, दोन वायरी बांधून दाखवा." त्यांनी बांधल्या. गुरं खुंट्याला बांधतात तशी गाठ. "मला दाव्याची गाठ येती," ते म्हणाले, "दुसरी न्हाई येत."

मग मी खोली बघितली. खाट नाही. चूल नाही, शेगडी नाही, भांडं नाही. खिडकीची कडी गंजून चिकटलेली. मागचं दार फळ्या मारून बंद, खिळे गंजून लाकडात विरघळलेले. फरशीवर जाड धूळ, आणि तीत गिटार काढायला गेलेल्या गड्यांची पावलं, जातानाची आणि येतानाची. दुसरी कुणाची नाहीत. भिंतीला टेकून एक लाकडी खुर्ची. तिच्या बैठकीवर धूळ नव्हती. आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे भिंतीवर तेलाचा काळा डाग होता. वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून बसलं की पडतो तसा.

"जेवण कोण द्यायचं?" मी विचारलं.

"जेवण मी कधी ठेवलं न्हाई," आबा म्हणाले. "मागितलंच न्हाई."

नक्कीच दुसरा कुठलातरी रस्ता असणार. माणूस रात्री जात-येत असेल, बाजारात जेवत असेल. मला सापडला नाही, एवढंच.

पायल


वराळे, २३ मार्च २०२५

दादा,

तुझी चिठ्ठी आली. तू लिहितोस, "आईला सांग, ते त्याच वर्षी गेले. बाकी काही सांगू नकोस. तू परत तिकडे जाऊ नकोस. मी येऊ का?" तू येण्याचं विचारलंस, त्याचं उत्तर नंतर देते. आधी दोन गोष्टी.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं. बंगल्यातून निघताना मी आणि सविता व्हरांड्यात चपला घालत होतो. भर दुपार होती, वारा नव्हता. आतून आवाज आला. वाजवण्याचा नाही. एक तार लावण्याचा. चढत चढत सुराजवळ जायची, थोडी पुढे जायची, मग परत खाली. पुन्हा चढायची. तुला आठवत असेल, अण्णा असेच लावायचे, आधी पुढे नेऊन मग मागे आणत. सविता म्हणाली, "ऐकलंस ना? चल आता. आबा म्हणतात, थांबायचं नसतं." गिटार त्या वेळी वराळ्यात होती. माझ्या पलंगाखाली, तारांशिवाय.

तुला हे वाचून काय वाटेल ते वाटू दे. मी गडी, उंदीर, पाण्याचा पाइप, सगळं मनात धरून बघितलं आहे.

दुसरी गोष्ट. तू सांगितलंस तसंच करायचं ठरवून मी शुक्रवारी कामावरून घरी आले. आई माझ्या पलंगावर बसली होती. गिटार तिच्या मांडीवर पालथी. झाकणाचे स्क्रू मी हातानेच फिरवून ठेवले होते, ते तिने काढले होते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून ती बघत नव्हती. अंगठा फिरवत होती.

"कवापासनं हाय ही घरात?"

"दोन महिने झाले, आई."

"तू तापवलीस त्या दिवशीच मला वास आला व्हता. म्हणलं, बघू कवा सांगती."

मी तिच्यासमोर खाली बसले. "आई, अण्णा त्याच वर्षी..."

"गप." तिने माझं बोट धरलं आणि एका गाठीवर ठेवलं, मग दुसऱ्या. "ह्यो दोरा कडक झालाय. ह्यो मऊ हाय. पंख्याच्या मोटारी घरी आणायचे, तवा निम्म्या मीच बांधायचे. जुना दोरा आणि नवा दोरा मला कळत न्हाई व्हय?"

मग लपवण्यात अर्थ नव्हता. सगळं सांगितलं. आकडे सांगितले, आबांचं सांगितलं, खोली, खुर्ची, पायरी. आवाजाचंही सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. शिव्या देईल असंही वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने द्याव्यात अशी माझी इच्छा होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "जेवाण ठेवायचा का त्यो म्हातारा?"

"नाही."

"म्हंजी तवापासनं उपाशीच."

तिने झाकण परत जागेवर बसवलं. मग गिटार बाजूला ठेवून उठली. "जिता का मेला, ते आता मला नको सांगू. कुटं हाय ते कळलं. गाडी बघ."

मी समजावलं. आपण हे मानत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं, लोक काय म्हणतील, विहारात तोंड कसं दाखवशील. ती पदर खोचत माझ्याकडे वळली.

"मी कुटं भूत मानते? मी माझ्या नवऱ्याला आणाया चाललेय."

पायल


वराळे, ६ एप्रिल २०२५

दादा,

गेलो होतो. आकाशची रिक्षा केली, आपल्या आळीतला, तू त्याला लहान बघितलं आहेस. आई सकाळीच तयार होऊन बसली होती. नवी साडी नेसली होती.

बंगल्याच्या एका बाजूला जेसीबी लागला होता. मागची खोली अजून उभी होती. रखमाजी आबा पुढे आले, आईला बघितलं आणि काही न विचारता चालकाकडे हात केला. त्याने मशीन बंद केलं. आई पायरीवर बसली, दाराकडे तोंड करून. आत गेली नाही. आत बघितलंही नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी चिमा."

मी आणि सविता मागे उभ्या. आईचा आवाज अगदी साधा होता, दुकानातून उशिरा आलेल्या माणसाशी बोलावं तसा.

"घर पाडाया लागलेत हे लोक. परक्याच्या घरात किती दिस बसायचं? पोरगी कंपनीत हाय. पोरगा लांब गेला, त्यो पण तुमच्यावानीच तापट. रुसला असाल तर घरी येऊन रुसा. चला."

काही झालं नाही. पान हललं नाही. आवाज नाही. मला इतकं हलकं वाटलं, की आता आईला हात धरून उठवावं, घरी न्यावं, आणि हे संपलं म्हणावं. तेवढ्यात आई स्वतःच उठली आणि सरळ रिक्षेपाशी गेली. पण बसली नाही. दांडी धरून उभी राहिली.

"मावशी, बसा की," आकाश म्हणाला.

"थांब जरा. पायाला रग लागलीय त्यांच्या, बसून बसून."

आकाशने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. जरा वेळाने आई चढली आणि अगदी कडेला बसली. मला म्हणाली, तू त्या अंगाने बस. मधे जागा राहिली. "चल आता," ती आकाशला म्हणाली.

कामशेतला तिने रिक्षा थांबवली आणि चहा सांगितला, तीन. आकाश म्हणाला, "मावशी, मला नको, मी चहा घेत नाही."

"तुला कोण देतंय?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सविताने सांगितलं, खोली पाडली. आबा आदल्या संध्याकाळी सवयीने ऐकत बसले होते. काही वाजलं नाही.

तेव्हापासून आई काही विचारत नाही. कुंकू रोज मोठं लावते. भाकऱ्या जास्त थापते. मी आधी वाद घातला, मग सोडला. आता मीच तीन ताटं घेते, ते सोपं आहे. तिसऱ्या ताटातलं अन्न उरतं का, हे मी बघत नाही. ताटं आई घासते.

तू विचारलंस, येऊ का. ये. मी मला हवं म्हणून लिहीत नाही. मला तर जानेवारीपासून हवं आहे. आईनेच काल तुझं नाव घेतलं, सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "पदीपला बोलव. बाप इचारतोय." तू तिच्याशी वाद घालू नकोस, एवढं कबूल करून ये. जयंतीला सुट्टी मिळत असेल तर त्या आधीच निघ.

फक्त झोपायची सोय बाहेरच्या खोलीत करावी लागेल. तुझी खोली बरीच वर्षं बंद होती, म्हणून आज सकाळी झाडायला गेले. दार ढकललं. कडी आतून होती. मला वाटलं लाकूड फुगलं असेल, खांदा लावून पुन्हा ढकलणार होते. आई माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हातातला झाडू काढून घेतला.

"दार वाजवू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

पायल